शिकारी चाकूला धार लावायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर लागला की अमेरिका-कॅनडातल्या मराठी मंडळींचे मला ठरलेले प्रश्न यायला लागतात. हरणाचा मोसम तोंडावर आलाय, चाकू बोथट झालाय, कोणतं यंत्र मागवू? पुण्या-नाशिकचे ट्रेकर तसलाच चाकू दोर कापायला आणि काटक्या तासायला वापरतात, त्यांच्याही शंका याच. बाजारात साधनांची रेलचेल आहे आणि बहुतेक डब्यांवर काही सेकंदांत वस्तऱ्यासारखी धार मिळेल असं छापलेलं असतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. पात्याचं पोलाद कोणतं आणि तुमचा हात दगडावर पात्याचा कोन कायम धरतो की नाही, या दोन गोष्टी कळल्या की पद्धत निम्मी ठरलीच. उरलेली निम्मी म्हणजे 'बर', म्हणजे घासताना धारेवर उठणारी पोलादाची सूक्ष्म कड, ओळखणं. ते खाली सविस्तर सांगितलंय, बाकी काही वाचलं नाही तरी तेवढं नक्की वाचा.

घरातल्या सुरीला लावतो तशीच धार याला लावायची ना?

दगड तोच चालेल, कोन वेगळा लागेल. घरातल्या सुरीच्या वाट्याला कांदा, टोमॅटो आणि फार तर लाकडी पाट येतो. शिकारी चाकूला हरणाचं कातडं चिरायचं असतं. त्या कातड्यावर जाड, राठ केस असतात आणि केसांत माती-वाळू अडकलेली असते. धार मांसाने फारशी जात नाही, या वाळूने जाते. म्हणून जाणते शिकारी पहिला लहानसा छेद दिला की पातं उलटं करतात आणि धार वरच्या अंगाला ठेवून कातडं आतून बाहेर चिरत नेतात. तसं केलं की केस कापले न जाता बाजूला होतात आणि धार बरीच जास्त टिकते.

पुढे सांधे सोडवताना, कमरेच्या हाडापाशी, पातं हाडाला लागतंच. फार पातळ धार तिथे मुडपते, नाहीतर तिचा कपचा उडतो. म्हणून घरच्या सुरीला प्रत्येक बाजूने १५ अंश ठीक असले तरी शिकारी चाकूला २० अंशांच्या आसपास ठेवावं. लाकडावर घाव घालायचे असतील तर २५ पर्यंत जा. त्यापुढे गेलात तर कातडं सोलताना हात दुखायला लागेल.

आकाराचाही फरक आहे. बहुतेक शिकारी चाकू 'ड्रॉप पॉइंट' घडणीचे असतात: पाठ टोकाकडे हलकेच उतरत जाते आणि धारेला पुढे गोलसर पोट असतं. अमेरिकेतले चाकूकार बॉब लव्हलेस यांनी ही घडण लोकप्रिय केली. १९५४ पासून ते चाकू घडवत होते. टोक खाली उतरल्यामुळे ते हाताच्या ताब्यात राहतं आणि आतडं फुटण्याचा धोका कमी होतो. कातडं सोलायला पोटाचा भाग कामी येतो. धार लावताना मात्र हेच पोट चकवतं, कारण सरळ भागात जमलेला कोन वळणावर सुटतो.

एकच साधन घ्यायचं असेल तर कोणतं घेऊ?

दोन बाजूंची डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे बारीक कण बसवलेली पट्टी, किमान सहा इंच लांब. सोबत लाकडाच्या पट्टीवर चिकटवलेला चामड्याचा तुकडा, तो घरीच करता येतो.

डायमंड प्लेटवर कोणतंही पोलाद कापलं जातं. मऊ दगडाला वापरून वापरून मध्ये खळगा पडतो, तसा हिला पडत नाही. तेल लागत नाही, थोडं पाणी पुरतं, आणि पाठपिशवीत टाकली तर फुटतही नाही. नवी असताना ती जरा जास्तच ओरबाडते. थोड्या वापरानंतर सुटे कण झडतात आणि ती ताळ्यावर येते, त्यामुळे पहिल्याच दिवशी तिच्याबद्दल मत बनवू नका. आणि दाब देऊ नका. दाबल्याने काम लवकर होत नाही, उलट डायमंडचे कण उपटून निघतात आणि प्लेट बाद होते.

डीएमटी कंपनीच्या प्लेटा रंगावरून ओळखता येतात: निळी भरड, ४५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लाल बारीक, २५ मायक्रॉनची, हिरवी त्याहून बारीक, ९ मायक्रॉनची. शिकारी चाकूला निळी-लाल किंवा निळी-हिरवी जोडी घ्यावी.

चाकू साध्या कार्बन पोलादाचा असेल आणि खर्च करायचा नसेल, तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड काही शे रुपयांत येतो आणि अनेक वर्षं साथ देतो. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. एडवर्ड अचेसन यांनी १८९१ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार केलं आणि धारेच्या कामाचं रूपच पालटलं.

पोलाद कोणतं हे कसं ओळखायचं? आणि त्याने एवढा काय फरक पडतो?

मुठीजवळ पात्यावर बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. तिथे नसेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात सापडतं.

४२०एचसी, १२सी२७, १०९५ यांपैकी काही असेल तर निश्चिंत राहा, कोणताही बरा दगड चालेल. बक कंपनीचे बहुतेक शिकारी चाकू ४२०एचसीचे असतात, कडकपणा रॉकवेल ५८ च्या आसपास (रॉकवेल हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तेवढं पोलाद कडक). स्वीडनच्या मोरा कंपनीचे स्टेनलेस चाकू १२सी२७ चे. १०९५ हे साधं कार्बन पोलाद, धार झटकन घेतं आणि गंजही झटकन धरतं.

डी२ असेल तर जरा धीर धरावा लागेल. त्यात क्रोमियमची कार्बाइडं, म्हणजे पोलादातले अतिशय कडक कण, भरपूर असतात आणि साधा दगड त्यावर सावकाश चालतो.

एस३०व्ही किंवा त्याच्या पंगतीतलं पोलाद असेल तर खरा प्रश्न उभा राहतो. क्रुसिबल कंपनीने २००१ मध्ये खास चाकूंसाठी आणलेल्या या पोलादात सुमारे ४ टक्के व्हॅनेडियम असतं. व्हॅनेडियमची कार्बाइडं ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कडक, आणि बाजारातले बरेचसे दगड ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच असतात. मग दगड आजूबाजूचं मऊ पोलाद झिजवतो, कार्बाइडचे कण मात्र तसेच राहतात. तुम्ही तासभर घासता, पातं चकचकीत होतं, कापत मात्र नाही. लोक स्वतःच्या हाताला दोष देतात, पण खोट दगडाच्या निवडीत असते. अशा पोलादाला डायमंडच हवा. सिलिकॉन कार्बाइड भरड कामापुरतं चालून जाईल, शेवटचा हात डायमंडचा असू द्या.

नवीन चाकू घेणाऱ्यांना मी हेच सांगतो की पहिला चाकू ४२०एचसी किंवा १२सी२७ चा घ्या. महागडं पोलाद धार जास्त टिकवतं हे खरं, पण एकदा गेली की ती परत आणायला तेवढीच मेहनत घेतं. स्वतःच्या हाताने पाच-दहा मिनिटांत धारेवर आणता येतो, तो चाकू माणूस खरोखर धारदार ठेवतो.

२० अंश हे डोळ्यांनी कसं कळणार?

कागदाचा चौकोनी कोपरा घ्या, ९० अंश. बरोबर मध्ये घडी घाला, ४५ झाले. आणखी एक घडी घाला, साडेबावीस. हा त्रिकोण दगडावर उभा धरून पातं त्याला टेकवा आणि किंचित खाली आणा, झालं तुमचं २०.

त्याहून पक्कं हवं असेल तर पात्याची रुंदी मोजा. पातं २५ मिलिमीटर रुंद असेल तर २० अंशांसाठी पाठ दगडापासून साधारण साडेआठ मिलिमीटर वर हवी, १५ अंशांसाठी साडेसहा. तेवढ्या उंचीची नाण्यांची चळत पाठीखाली ठेवून पाहा, हाताला अंदाज येतो. मग नाणी काढून टाका.

सगळ्यांत खात्रीची युक्ती मात्र मार्करची. धारेच्या दोन्ही उतारांवर काळा मार्कर फिरवा, दगडावर दोन-तीन हात मारा आणि उजेडात बघा. काळा रंग फक्त वरच्या कडेला निघाला असेल तर पाठ फार खाली गेलीय. फक्त अगदी धारेवर निघाला असेल तर पाठ फार वर आहे. पूर्ण उतारावरचा रंग निघाला की मूळ कोन सापडला. कारखान्याने दिलेला कोन मोडून नवा करण्यापेक्षा आहे तोच पकडणं केव्हाही सोपं.

कोन एक-दोन अंशांनी चुकला तर आकाश कोसळत नाही. दर हाताला वेगवेगळा होत राहिला तर मात्र धार गोल होते आणि कितीही घासलं तरी बसत नाही.

'बर' म्हणजे नक्की काय? सगळे तेच का सांगतात?

कारण धार लागली की नाही हे फक्त तीच सांगते.

एका बाजूने दगडावर घासत गेलं की पोलादाचा उतार झिजत झिजत दुसऱ्या बाजूच्या उताराला जाऊन भेटतो. भेटला की टोकावरचं अतिशय पातळ पोलाद पलीकडे लवतं आणि त्याची सूक्ष्म कड उभी राहते. तिलाच कारखान्यात बर म्हणतात. बर उठली याचा अर्थ तुम्ही खरोखर धारेपर्यंत पोचलात. ती उठायच्या आत बाजू बदलली, तर दोन्ही उतार चकचकीत होतात आणि मध्ये बोथट रेघ तशीच राहते. धार लागत नाही म्हणून जे चाकू माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांची कहाणी हीच असते.

ती करायची कशी ते सांगतो. दगडाखाली ओलं फडकं ठेवा म्हणजे तो सरकणार नाही. पातं मुठीजवळच्या टोकापासून दगडावर टेकवा, कोन धरा, आणि दगडाचा पातळ पापुद्रा काढताय अशा बेताने पुढे ढकलत न्या. सरळ भाग संपून पोट सुरू झालं की कोपर हळूहळू वर उचला, म्हणजे मूठ थोडी उंचावते आणि वळणावरही उतार दगडाला पूर्ण टेकलेला राहतो. टोकाशी पोचल्यावर पातं दगडावरून खाली घसरू देऊ नका, तिथेच थांबवा. टोक गोल होतं ते या घसरण्यामुळेच.

एकाच बाजूने असे काही हात मारून झाले की पातं पुसा आणि विरुद्ध बाजू तपासा. अंगठ्याचं पेर पाठीकडून धारेकडे न्या आणि धारेवरून बाहेर सोडा. धारेच्या लांबीने बोट कधीच फिरवायचं नाही. बर असेल तर शेवटच्या क्षणी पेर किंचित अडखळतं, खरखर लागते. मुठीपासून टोकापर्यंत अशी तपासणी करा. बहुधा मधल्या भागात बर लवकर उठते आणि दोन जागी उठलेली नसते: मुठीला लागून आणि अगदी टोकाशी. तिथे आणखी काही हात मारा. पूर्ण लांबीवर बर लागली की मगच पातं उलटा आणि दुसऱ्या बाजूने तेच करा.

आता ती उतरवायची. एक हात या बाजूने, एक त्या बाजूने, आणि दर वेळी दाब कमी करत जायचं. शेवटी पात्याचं स्वतःचं वजन पुरे. मग बारीक दगडावर हेच, मग चामड्यावर. हे काम घाईने उरकलं तर धारेवर बर तशीच उभी राहते. गंमत अशी की असा चाकू कागद सर्रकन कापतो आणि आपण खूश होतो. हरणावर दोन-चार काप झाले की ती पातळ तार मुडपते आणि चाकू पुन्हा बोथट. धार टिकत नाही ही तक्रार घेऊन येणाऱ्यांनी आधी पोलादाला नाव ठेवू नये, बर पूर्ण उतरवली होती का ते आठवावं.

कोन धरून देणारे किट घेतले तर हात शिकवायची गरजच नाही ना?

बऱ्याच अंशी खरं आहे. ज्यांचा हात थरथरतो, किंवा ज्यांना वर्षातून दोनदाच धार लावायची असते, त्यांना मी हेच सुचवतो. लॅन्स्कीच्या किटमध्ये पातं चिमट्यात धरतात आणि दगडाची दांडी भोकातून घालतात. कोन चार मिळतात: १७, २०, २५ आणि ३०. शिकारी चाकूला २० चं भोक. फक्त भोकाजवळ लिहिलेला कोन अगदी तंतोतंत समजू नका, पातं चिमट्यातून किती बाहेर आलंय त्यावर खरा कोन थोडा बदलतो. लांब पात्याच्या टोकाशी तो कमी होतो. म्हणून दर वेळी चिमटा त्याच जागी लावा, पात्याच्या पाठीवर टेपची खूण करून ठेवा.

स्पायडर्कोचा शार्पमेकर याहून सोपा. तिरक्या उभ्या केलेल्या सिरॅमिकच्या तिकोनी कांड्या, चाकू फक्त सरळ खाली ओढायचा. दोन्ही बाजू मिळून ३० किंवा ४० अंश, म्हणजे एका बाजूने १५ किंवा २०. धार थोडी उतरली असेल तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पूर्ण बोथट किंवा कपचे उडालेल्या चाकूला मात्र यासोबत येणाऱ्या कांड्या पुरत नाहीत.

किट वापरलं तरी बर बघावीच लागते.

खाचेतून ओढायची ती छोटी यंत्रं?

कार्बाइडच्या दोन पात्यांची इंग्रजी व्ही आकाराची खाच असते, ती पोलाद घासत नाही, खरवडते. धार दातेरी होते, पोलाद वाजवीपेक्षा जास्त जातं, आणि मुठीजवळचा भाग खाचेत पोचत नसल्याने काही महिन्यांत तिथे खोलगट चंद्रकोर दिसायला लागते. चांगल्या चाकूला हे लावू नका. गाडीत एखादं पडून असेल आणि दुसरं काहीच हाताशी नसेल तर त्या दिवसापुरतं भागतं.

विजेवरचं यंत्र, किंवा सायकलवरचा धारवाला?

दोन्हीकडे प्रश्न उष्णतेचा. पोलादाला कडकपणा दिल्यावर ते पुन्हा ठरावीक तापमानाला तापवून बेताचं केलेलं असतं. साध्या कार्बन पोलादासाठी हे तापमान २०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. चाकावर धरलेल्या धारेची जाडी केसाहून कमी, ती क्षणात त्यापुढे तापते. पातं हाताला कोमट लागत असतानाच धारेचं टोक नरम झालेलं असू शकतं. निळसर छटा दिसली तर ते पोलाद ३०० अंशांच्या घरात गेलं आणि तिथली धार आता टिकणार नाही, तेवढा भाग सावकाश घासून काढावाच लागेल.

सायकलवरच्या धारवाल्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. विळी, कोयता, कात्री यांचं काम ती माणसं झटपट आणि नेटकं करतात, आणि ठिणग्या किती उडू द्यायच्या हे त्यांना हातानेच कळतं. कोयत्याला जाड कोन लागतो आणि पोलादही माफक कडक असतं, त्यामुळे ते खपून जातं. एस३०व्हीचा चाकू मात्र त्यांच्याकडे नेऊ नका. त्यांचा दगड या पोलादासाठी नाहीच.

पट्ट्यावर चालणारी यंत्रं, उदाहरणार्थ वर्क शार्पची, चाकापेक्षा बरी. पट्टा थोडा लवतो, त्यामुळे किंचित फुगीर उतार येतो आणि असा उतार हाडापाशी टिकतो. वेग कमीत कमी ठेवा, दर हाताला पातं पाण्यात बुडवा, आणि टोक पट्ट्यावरून बाहेर जाण्याआधी थांबा. कोयते, कुऱ्हाडी, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चाकू असं बरंच काम असेल तरच हा खर्च करावा.

खाटकाकडे असते ती पोलादी सळई पुरेल का?

ती धार लावत नाही, मुडपलेली धार सरळ करते. खाटकाच्या सुऱ्यांचं पोलाद तुलनेने मऊ, म्हणून दर थोड्या वेळाने सळईवर दोन हात मारले की काम चालू राहतं. ४२०एचसीवर थोडाफार उपयोग होईल. ६० रॉकवेलच्या पुढचं पोलाद मुडपत नाही, कपचतं, आणि सळईवर आपटलं तर जास्तच. अशा पोलादाला सिरॅमिकची कांडी घ्या, हात अगदी हलका ठेवा.

किती बारीक ग्रिटपर्यंत जायचं? काही जण ८००० पर्यंत जातात.

ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा आकडा, मोठा तेवढा दगड बारीक. ८००० वाल्यांना आरशासारखी धार बघायला आवडते, आणि त्यात वाईट काही नाही. कातडं आणि मांस कापताना मात्र धारेला थोडे सूक्ष्म दात असलेले बरे, ते तंतूंत पकड घेतात. जपानी मोजणीने १००० पर्यंत जा, मग चामड्यावर फिरवा. गुळगुळीत धार कोवळ्या लाकडात सुरेख चालते, हरणाच्या ओल्या चरबट कातड्यावर घसरते. सुरुवात ४०० च्या आसपास करा. कपचे उडाले असतील तरच २२० ला जा.

दगडावर तेल घालू की पाणी?

जपानी दगडांना आणि डायमंडला पाणी. आर्कान्सा दगड परंपरेने तेलावर चालतो. कार्बोरंडमच्या दगडावर दोन्ही चालतं, फक्त एकदा तेल घातलं की पुढे तेलच घालावं लागेल. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल घालू नका, ते सुकून चिकट होतं आणि दगडाची छिद्रं बुजतात. या चाकूने मांस कापायचं असल्याने रॉकेल किंवा मशीनच्या तेलापेक्षा औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन उत्तम. काम झाल्यावर पातं साबणाने धुवा.

चामड्याचा पट्टा खरंच लागतो की ती हौस आहे?

लागतो. उरलीसुरली बर उतरवायला त्याच्यासारखं काही नाही. जुन्या कातडी कमरपट्ट्याचा सपाट तुकडा लाकडी पट्टीवर डकवा, खरबरीत बाजू वर. त्यावर स्टील पॉलिशवाल्यांकडे मिळणारं हिरवं पॉलिश, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, खडूसारखं घासा. पातं नेहमी पाठीच्या दिशेने ओढायचं, धार मागून येईल असं. उलट ढकललंत तर चामडं कापलं जाईल. दोन्ही बाजूंनी दहाएक हात पुरतात. व्हॅनेडियमवाल्या पोलादाला हिरव्याऐवजी डायमंड पेस्ट घ्या.

मोरा कंपनीच्या चाकूचा उतार वेगळाच दिसतो. त्याला काय करायचं?

तो स्कॅन्डी घाट. पात्यावर एकच रुंद उतार असतो, तो थेट धारेपर्यंत जातो, वेगळा छोटा उतार नसतो. म्हणजे कोन शोधायची गरजच नाही: तो रुंद उतार दगडावर सपाट टेकवा, बोटांनी दाबून धरा आणि घासा. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरू नाही. पोलाद मात्र बरंच काढावं लागतं, वेळ जातो. हाडापाशी वापरणार असाल तर शेवटी पाठ जराशी उचलून दोन्ही बाजूंनी चार-पाच हलके हात मारा, धारेला टिकाऊ कड येते.

धार लागली हे कशावरून समजायचं?

आधी उजेडात. दिव्याखाली धार वर करून धरा आणि हळूहळू तिरकी करा. बोथट जागा पांढऱ्या ठिपक्यासारखी चमकते. धारदार कडेवर काहीच दिसत नाही. मग वर्तमानपत्राचा कागद, मुठीपासून टोकापर्यंत एका ओढीत. जिथे अडकतो तिथे खूण करा. हातावरचे केस भादरून बघायची सवय असेल तर हरकत नाही, पण उरलेली बर असतानाही केस निघतात, त्यामुळे तो पुरावा धरू नका. मी सुती दोर कापून बघतो. लाकडावर दोर ठेवायचा आणि काही काप घ्यायचे. शेवटच्या कापाला पहिल्याइतकाच जोर लागला तर धार पक्की.

शिकारीवर असताना मध्येच धार गेली तर?

खिशात मावणारी डायमंडची छोटी पट्टी ठेवा. वर्क शार्पच्या हातात मावणाऱ्या फील्ड शार्पनरमध्ये दोन डायमंड प्लेटा, सिरॅमिक कांडी, चामड्याची पट्टी आणि २० अंशांची उतरण असं सगळं एकत्र येतं, मला ते आवडतं. आधी पातं पुसून स्वच्छ करा. चरबीने माखलेलं पातं दगडावर नुसतं घसरतं, शिवाय हातही निसटतो. हातातल्या दगडावर धार लावताना बोटं दगडाच्या कडेच्या खाली राहतील असं धरा. सूर्य मावळल्यावर, गारठलेल्या बोटांनी हे काम करू नका. दुसरा चाकू सोबत बाळगा.

हरणांच्या त्या आजाराचा धार लावण्याशी काही संबंध आहे का?

आहे. उत्तर अमेरिकेच्या अनेक भागांत हरणांत 'क्रॉनिक वेस्टिंग डिसीज' पसरलेला आहे. तो प्रायॉन या प्रथिनामुळे होतो, आणि प्रायॉन साध्या उकळण्याने किंवा अल्कोहोलने मरत नाहीत. अशा भागात वापरलेला चाकू सरळ दगडावर नेऊ नका. आधी घासून मांस-चरबीचा कणही राहू देऊ नका, कारण ब्लीच मांसाच्या आत शिरत नाही. मग घरगुती ब्लीचच्या ४० टक्के द्रावणात, म्हणजे दोन भाग ब्लीच आणि तीन भाग पाण्यात, पाच मिनिटं बुडवा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी स्टेनलेसवर हेच प्रमाण आणि हाच वेळ पुरेसा ठरल्याचं दाखवलं. नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा. ब्लीच स्टेनलेसलाही खातं, कार्बन पोलादाला तर फारच, तेव्हा पाचाची पंधरा मिनिटं होऊ देऊ नका.

भारतात असा चाकू ठेवता येतो का?

शिकारीसाठी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, आणि त्याने वन्य प्राण्यांची शिकार बंद केली आहे. पिकांच्या नासाडीसारख्या बाबतींत सरकार परवानगी देतं, तेवढाच अपवाद. चाकूपुरतं बोलायचं तर शस्त्रांच्या नियमांत पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलेले चाकू येतात, घरगुती किंवा शेतीकामाचे सोडून. साधारण शिकारी चाकूचं पातं चार इंचांचं असतं. तरी जमावबंदीसारखे स्थानिक पोलीस आदेश लागू असताना तो जवळ बाळगणं अंगाशी येऊ शकतं. ट्रेकला नेताना पिशवीच्या तळाशी म्यानात ठेवा, विमानात फक्त चेक-इन सामानात.

हरणाचं पोट उघडायला काही चाकूंच्या पाठीवर असतो तो आकडा (गट हुक) आणि दातेरी भाग यांचं काय?

सपाट दगड तिथे पोचतच नाही. निमुळती गोल डायमंड कांडी घ्या. आकड्याच्या आतल्या वळणात बसेल एवढ्या जाडीवर ती फिरवा, धारेकडून बाहेर. दातेरी पात्याला बहुधा एकाच बाजूने उतार असतो. दर खाचेत त्याच बाजूने दोन-तीन हात, मग सपाट बाजूने बर काढायला एकच हलका हात. कंटाळवाणं काम आहे. नको वाटलं तर काही कंपन्या आपल्या चाकूंना धार लावून देतात, बेंचमेडची तशी सेवा आहे, पाठवायचा खर्च मात्र आपला.

मोसम संपल्यावर चाकू कसा ठेवू?

चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली रसायनं पात्याला डाग पाडतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर कार्बन पोलाद दोन दिवसांत लाल होतं. धार लावून, धुऊन, कोरडं करून लिक्विड पॅराफिनचा पातळ हात फिरवा, कागदात गुंडाळा, म्यान शेजारी वेगळं ठेवा. गंजाचा ठिपका दिसलाच तर सुरीच्या टोकाने खरवडत बसू नका, तेल घालून बारीक स्टील वूलने हलकेच घासा. धारेवरच गंज चढला असेल तर तेवढं पोलाद गेलंच समजा. पुन्हा निळ्या प्लेटपासून सुरू करा.